'मिठाचं लग्न' कुणाच्या मालकीचं

आउरेआ : नाही म्हणजे काय, मिल्सा? नीट शोधलंस ना?

मिल्सा : अगं, बत्तीस वर्षं लोकांच्या जमिनींचे मालक शोधतेय मी. आपल्या अर्ध्या काबो रोहो गावात कुणाचं कुंपण कुठे चुकलंय ते मला झोपेतून उठवून विचार. सिनेमाचा मालकही तसाच शोधायचा असतो. फक्त सिनेमावर शेजाऱ्याची गुरं चरत नाहीत, एवढाच फरक.

आउरेआ : थट्टा नको. मी तुला साधं काम सांगितलं होतं. बाबांचा सिनेमा आमच्या मालकीचा आहे, एवढं लिहून आण म्हणाले होते.

मिल्सा : चूक. तू म्हणाली होतीस, "मालक कोण ते शोध." तू बाई शाळेत आयुष्यभर पोरांना प्रश्न नीट वाचायला शिकवलंस, आता स्वतःचाच प्रश्न विसरतेस? शोधलं. मालक कुणी नाही.

आउरेआ : कुणी नाही?

मिल्सा : तू नाहीस, आणि हक्क सांगणारी मायामीची ती कंपनीही नाही. 'मिठाचं लग्न' सदतीस वर्षांपासून मोकळं आहे. मारिया वादळ आलं त्याच्या कितीतरी आधीपासून. आपल्यालाच माहीत नव्हतं.

आउरेआ : थांब. माझा वकील भाचा म्हणाला होता की वॉशिंग्टनच्या कॉपीराइट दप्तरात बाबांच्या नावाची मुळात नोंदच नाही.

मिल्सा : तुझा भाचा ऑर्लँडोत वाढला ना? त्यानं शोधलं 'इरिसारी'. आणि तिथल्या कारकुनानं छप्पन साली नाव पाहिलं, तेल्मो इरिसारी रोंदा. त्या बिचाऱ्याला काय माहीत की आपल्याकडे आधी बापाचं आडनाव येतं आणि मग आईचं? त्यानं शेवटचं धरलं. तुझे बाबा तिथे 'रोंदा' म्हणून बसलेत, आजीच्या आडनावाखाली. मला तीन मिनिटं लागली.

आउरेआ : म्हणजे नोंद आहे!

मिल्सा : आहे की. नंबरासकट आहे. सप्टेंबर एकोणीसशे छप्पन.

आउरेआ : मग झालं तर! उगाच घाबरवलंस. कॉफी घेतेस का अजून?

मिल्सा : घेते, पण झालं नाही. बस जरा. पुढचं ऐक. त्या काळी कायदा असा होता की सिनेमा बाहेर आला की अठ्ठावीस वर्षं हक्क. अठ्ठाविसाव्या वर्षी परत वॉशिंग्टनला अर्ज करायचा, फी भरायची, की पुढची मुदत मिळाली. अर्ज नाही केला, की त्या वर्षाच्या एकतीस डिसेंबरला रात्री बाराला हक्क संपला. कुणी पत्र पाठवत नाही, कुणी आठवण करत नाही. चौसष्ट सालापासूनच्या सिनेमांना पुढे आपोआप मुदत मिळाली. तुझ्या बाबांचा छप्पनचा.

आउरेआ : म्हणजे चौऱ्याऐंशी साली अर्ज करायला हवा होता.

मिल्सा : हुशार आहेस.

आउरेआ : अगं, केलाय ना! थांब, आणते. काचेत लावलाय तो. हा बघ. चौदा नोव्हेंबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी. वकील मोन्ताल्बो, नोटरी, मायाग्वेस. शिक्का बघ, तिकिटं बघ, सही बघ. "मी, तेल्मो इरिसारी रोंदा, शपथेवर जाहीर करतो की माझ्या 'मिठाचं लग्न' या चित्रपटाचे सर्व हक्क मी पुढील मुदतीसाठी नव्याने धारण करीत आहे." आता बोल.

मिल्सा : काय सुंदर अक्षर आहे गं.

आउरेआ : मिल्सा.

मिल्सा : खरंच सुंदर आहे. असा दस्त माझ्या घराचाही नाही. पण हा वॉशिंग्टनला गेलाच नाही, आउरेआ. मायाग्वेसहून घरी आला, आणि घरातून भिंतीवर. मी 'इरिसारी' शोधलं, 'रोंदा' शोधलं. सिनेमाचं नाव स्पॅनिशमध्ये शोधलं, इंग्रजीत शोधलं, बाबांचे भागीदार रेमिहियो यांच्या नावानंही शोधलं. शेवटी म्हटलं, माझ्या एकटीच्या डोळ्यांवर का विसंबायचं? तिथल्या लोकांकडूनच शोध करवून घेतला. हे त्यांचं शिक्क्याचं पत्र, काल आलं. छप्पनची नोंद सापडली. चौऱ्याऐंशीची नाही.

आउरेआ : पण तारीख बरोबर आहे. वर्ष बरोबर आहे.

मिल्सा : वर्ष बरोबर, मनातली इच्छा बरोबर, दार चुकलं. सहा आठवडे शिल्लक होते. एक पाकीट लागलं असतं.

आउरेआ : नोटरीचा दस्त आहे हा! सरकारमान्य!

मिल्सा : जमिनीला चालतो, मृत्युपत्राला चालतो, गाढव विकायलाही चालतो. आपल्याकडे माणूस नोटरीपुढे शिंकला तरी त्याला वाटतं आता सर्दी कायमची नोंदली गेली. तुझ्या बाबांचीच चूक नाही ही. माझ्या आईनं तिच्या पाककृती नोटरीकडे नेल्या होत्या, ठाऊक आहे ना? मावशीनं भाताची कृती चोरू नये म्हणून.

आउरेआ : हसू येत नाहीये मला.

मिल्सा : येईल. पेरूची वडी दे इकडे. आणि चीज कापलंयस ते नुसतं बघायला का?

आउरेआ : घे. मला सांग, दुसरी काही वाट? आता अर्ज केला तर?

मिल्सा : आता? अगं, गाडी गेली, रूळही उखडले. बाहेरच्या देशांचे जुने सिनेमे होते ना, मेक्सिकोचे, आर्जेन्टिनाचे, त्यांना नंतर कायदा बदलून परत हक्क दिले. ते मी पाहिलं, तुझ्यासाठी मुद्दाम. पण त्याला देश परका लागतो.

आउरेआ : आणि आपण?

मिल्सा : आपलं बेट वॉशिंग्टनच्या राज्याखाली, म्हणून आपण घरचे. राष्ट्राध्यक्ष निवडायची वेळ आली की मत नाही, तेव्हा परके; हक्क बुडायची वेळ आली की घरचे.

आउरेआ : वा रे न्याय. मग सिनेमा थिएटरात लागलाच नाही, असं म्हटलं तर? इथे नुसता चौकात दाखवला, तर कायद्यानं तो "प्रकाशित" होत नाही, असं भाचा म्हणत होता.

मिल्सा : भाचा तेवढं बरोबर बोलला. पण छप्पनच्या ऑक्टोबरात तुझ्या बाबांनी ब्रॉन्क्सच्या तीन थिएटरांना प्रती भाड्यानं दिल्या. ही तिथल्या स्पॅनिश पेपरातली जाहिरात. "पहिल्यांदाच! मिठागरांची प्रेमकथा!" प्रती लोकांच्या हाती गेल्या म्हणजे प्रकाशित झाला. गाणंही पाहिलं मी. गाण्याचा हक्क वेगळा असू शकतो. पण आत एकच गाणं आहे, मीठ ओढणाऱ्यांचं, ते कुणी लिहिलं हे तेव्हाही कुणाला ठाऊक नव्हतं. एक भोक ठेवलं नाही मी, आउरेआ. उद्या कोर्टात उभं केलं तरी हेच सांगेन.

आउरेआ : आणि मायामीवाले? त्यांनी तर छातीठोकपणे लिहिलंय की त्यांच्याकडे सगळे हक्क आहेत.

मिल्सा : बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. त्यांनी घेतलं कुणाकडून? भागीदार रेमिहियोच्या पुतण्याकडून. रेमिहियोकडे काय होतं? छप्पन सालच्या नोंदीत त्याचं नावसुद्धा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि असतं तरी चौऱ्याऐंशीला सगळ्यांचंच एकदम संपलं.

आउरेआ : लाइट गेली वाटतं. पंखा थांबला.

मिल्सा : आज तिसऱ्यांदा. खिडकी उघड. हां, आता मुद्द्याचं. सान हुआनच्या संग्रहालयात सिनेमाची प्रत आहे, चांगली आहे. सान मिगेलच्या जत्रेला चौकात दाखवायची म्हणून गावानं मागितली. संग्रहालय म्हणतं, आमच्याकडे दोन दावे पडलेत, एक कंपनीचा, एक तुझा. ते मिटेपर्यंत प्रत हलणार नाही. कंपनीच्या दाव्याला मी हे पत्र लावलं की त्यांचं तोंड बंद. राहिला तुझा. तू दोन वर्षांपूर्वी लिहून दिलंयस ना, "आमच्या कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय कुणीही दाखवू नये"?

आउरेआ : कंपनीला अडवायला लिहिलं होतं मी ते!

मिल्सा : अडवलंस ना. कंपनीबरोबर गावालाही अडवलंस. आता हा एक कागद. "मिळालेल्या माहितीनुसार सदर चित्रपटावर कुणाचाही हक्क उरलेला नाही, मी माझा दावा मागे घेते." खाली सही. जत्रेला पाच आठवडे आहेत, प्रत आणायला तीन लागतात.

आउरेआ : नाही करणार.

मिल्सा : का?

आउरेआ : कारण हे वाचणारा प्रत्येक जण म्हणेल की तेल्मो इरिसारीला एक साधा अर्ज करता आला नाही. त्या माणसानं घरदार गहाण टाकून सिनेमा काढला, मिल्सा. बैलगाड्या, कॅमेरा, मिठाच्या राशी, सगळं एकट्यानं. मरताना माझा हात धरून म्हणाला, "आउरेआ, सिनेमा सांभाळ." आणि मी काय करू? सही करून सांगू की सांभाळायला काही नव्हतंच? की भिंतीवरचा कागद रद्दी आहे?

मिल्सा : रद्दी कोण म्हणालं?

आउरेआ : तूच म्हणतेयस, सभ्य शब्दांत. आणि एकदा मोकळा म्हटला की उद्या तीच कंपनी दाखवेल. कुणीही दाखवेल. टूथपेस्टच्या जाहिरातीत सिनेमातला आईचा चेहरा लावतील.

मिल्सा : कंपनी दाखवू शकते, ते खरं. खोटं कशाला बोलू? पण तुला अडवू शकत नाही. कुणी कुणाला अडवू शकत नाही.

आउरेआ : मग नकोच. कपाटात राहू दे. निदान बाबांचं नाव तरी...

ओब्दुलिया : नाव कुठे जातंय? पडद्यावर ही मोठी अक्षरं आहेत. "दिग्दर्शन, तेल्मो इरिसारी रोंदा." मीच पेंटरला चुना कालवून दिला होता.

आउरेआ : आई! तू कशाला उठलीस? भिंत धरून ये, खुर्ची मध्ये आहे.

ओब्दुलिया : खुर्ची दिसते मला. कडेनं दिसते. आणि कान तर दोन्ही शाबूत आहेत, तुम्ही दोघी कोंबड्यांच्या बाजारासारख्या ओरडताय. मिल्सा, तुझी आई बरी आहे का?

मिल्सा : बरी आहे, ओब्दुलियाबाई. अजून भाताची कृती सांगत नाही कुणाला.

ओब्दुलिया : सांगूही नये. मीठ जास्त घालते. तर चौऱ्याऐंशीच्या कागदाचं चाललंय ना? त्या दिवशी मी गाडीत बसले होते, मायाग्वेसच्या चौकात. चार तास. आइस्क्रीम आणून दिलं होतं त्यानं, ते वितळून माझ्या चांगल्या झग्यावर सांडलं. मग आला बाहेर, नवरदेवासारखा छाती काढून. मी विचारलं, "तेल्मो, हे वॉशिंग्टनला पाठवायचं ना?" तर म्हणतो कसा, "ओब्दुलिया, नोटरीपुढे झालं ते देवापुढे झालं."

आउरेआ : तू विचारलं होतंस? आणि मला कधी बोलली नाहीस?

ओब्दुलिया : तू कुठे विचारलंस? तू त्या कागदाला काच लावत होतीस. मी काच पुसत होते.

मिल्सा : तेल्मोसाहेबांनी तेवढं एक तुमचं ऐकलं असतं ना.

ओब्दुलिया : त्यानं कधीच काही नव्यानं केलं नाही, पोरी. गाडीचं लायसन्स संपलं, तसाच अकरा वर्षं चालवत होता. मासेमारीचा परवाना संपला, तरी होडी घेऊन निघाला. सिनेमाच्या वेळी मात्र देखणा दिसायचा, ते खरं. मी मीठ वाहणाऱ्याची पोर, अठरा वर्षांची. त्यानं मला नवरी केलं सिनेमात, आणि नंतर खरोखर केलं. त्याच्यावर माझा राग नाही. पण आउरेआ, तुझ्यावर आहे.

आउरेआ : माझ्यावर? मी काय केलं?

ओब्दुलिया : मी सिनेमा बघायला आधी तेल्मोला विचारलं. तो म्हणाला, रीळ झिजेल, नको. तो गेला, वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, वारसांच्या सह्या आणा. मग तुला विचारलं. तू म्हणालीस, आई, आधी कंपनीचं मिटू दे. चौऱ्याऐंशी वर्षांची झाले मी. आणखी कुणाला विचारायचं राहिलंय?

आउरेआ : आई, मी तुला मे महिन्यात सान हुआनला नेलं होतं ना? संग्रहालयातल्या त्या बाईनं मशीनवर लावून दाखवला की तुला.

ओब्दुलिया : ताटाएवढ्या काचेवर. मधोमध मला डाग दिसतो, तुला माहीत आहे. त्या काचेवर नुसता डागच होता, आणि डागातून माझ्याच आवाजात ते मीठ ओढणाऱ्यांचं गाणं ऐकू येत होतं. मी छान आहे म्हणाले, कारण ती बाई चांगली होती. चौकात भिंतीएवढा लावला तर मला कडेनं दिसेल. डॉक्टर म्हणतो, हे कडेचंही किती दिवस ते सांगता येत नाही.

आउरेआ : मला वाटलं तू पाहिलास. तू रडलीस तिथे. मला वाटलं स्वतःला तरुणपणी बघून...

ओब्दुलिया : स्वतःला बघायला आरसा होता की घरात साठ वर्षं. मला माझ्या बापाला बघायचंय.

आउरेआ : आजोबा? सिनेमात आहेत?

ओब्दुलिया : सगळं गाव आहे. वरात मिठागरातून जाते, तेव्हा माणसं काम थांबवून बघतात. एकच माणूस थांबत नाही, तो पाठ वाकवून मीठ ओढतोय. तेल्मो ओरडला, "सिक्स्तोबाबा, वर बघा, कॅमेरा!" तर बाप म्हणाला, "पोरीचं खोटं लग्न आहे, मीठ खरं आहे." मग तेल्मोनं कॅमेराच तिकडे वळवला. आणि बापानं एकदाच वर पाहिलं, माझ्याकडे.

मिल्सा : मला हे माहीत नव्हतं.

ओब्दुलिया : त्याचा एकच फोटो होता, दाराच्या वर. मारियानं छप्पर नेलं त्या दिवशी तोही नेला. तेव्हापासून मी डोळे मिटून त्याचा चेहरा आठवते. पहिल्यांदा नाक यायचं, मिशी यायची. आता पाठच येते. मला भीती वाटते, आउरेआ. डोळे जातील त्याची नाही वाटत एवढी.

आउरेआ : हे आधी का नाही बोललीस गं तू?

ओब्दुलिया : तुझ्या बापाचं नाव जपण्यात तू इतकी गुंतली होतीस. म्हटलं, हिच्या बापापुढे माझा बाप कशाला आणू.

आउरेआ : मी कशाची मालकीण होऊन बसले होते, मिल्सा? ज्याच्यावर माझा हक्कच नव्हता त्याला कुलूप लावून, किल्ली आईपासून लपवून.

मिल्सा : तुला ठाऊक नव्हतं.

आउरेआ : हक्क असो नसो, आईला नाही म्हणायला नको होतं. दे तो कागद. पेन कुठाय?

मिल्सा : हे घे. इथे, आणि खाली तारीख.

आउरेआ : थांब. "मिळालेल्या माहितीनुसार" हे काय लिहिलंयस? पळवाट काढल्यासारखं वाटतं. खोड ते. असं लिही, "माझे वडील तेल्मो इरिसारी रोंदा यांनी १९८४ साली नोंद नव्याने करण्याचा प्रयत्न केला होता. ती नोंद झाली नाही. हा चित्रपट आता सर्वांचा आहे."

मिल्सा : आणि लोक जे म्हणतील ते?

आउरेआ : म्हणू देत. अर्ज चुकला, सिनेमा नाही चुकला.

(आउरेआ सही करते.)

मिल्सा : झालं. उद्या सकाळी मी स्वतः सान हुआनला घेऊन जाते. पोस्टानं नाही पाठवत. या घराचा पोस्टाशी योग नाही.

आउरेआ : आई, तो काचेतला दस्त मात्र तिथेच राहील हं. उतरवायचा नाही.

ओब्दुलिया : उतरवतंय कोण? त्याच्या मागे भिंतीला भोक आहे. मिल्सा, आता खरंच कुणाला विचारायचं नाही ना? त्या कंपनीला? नगराध्यक्षाला?

मिल्सा : नगराध्यक्षाला चौकाचं विचारावं लागेल. जनरेटर त्याच्याकडेच आहे, लाइटचा काय भरवसा. पण सिनेमाचं कुणालाच नाही. तुम्हाला वाटलं तर रोज लावा, कोंबड्यांना दाखवा.

ओब्दुलिया : मग माझी खुर्ची डावीकडे ठेवा, अगदी पुढे. तिथून मला कडेनं बरं दिसतं.

आउरेआ : ठेवते. मी बसेन तुझ्याजवळ. वरात आली की तुला सांगेन, म्हणजे तू नीट बघशील.

ओब्दुलिया : वरात आली तेवढं सांग. पण बाप आला की बोलू नकोस. तो मी ओळखेन.